बोलिंग ग्रीनचे कॉर्व्हेट संग्रहालय : जपलेल्या मोटारी आणि जपलेली मोडतोड

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, लुईव्हिल आणि नॅशव्हिल या दोन शहरांना जोडणाऱ्या आंतरराज्य महामार्ग क्रमांक ६५ वर बोलिंग ग्रीन हे मध्यम आकाराचे शहर वसले आहे. महामार्गाच्या कडेला पिवळ्या रंगाचा भलामोठा शंकू आणि त्याच्यासोबत आकाशात गेलेला लाल सुळका दिसू लागला, की ‘नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम’ आले असे समजावे. शेव्हरोलेच्या ‘कॉर्व्हेट’ या एकाच स्पोर्ट्स मोटारीला वाहिलेले हे संग्रहालय सप्टेंबर १९९४ मध्ये जनतेसाठी खुले झाले. जुन्या कॉर्व्हेट जतन करणाऱ्या हौशी मालकांच्या मंडळात १९८० च्या दशकात त्याची कल्पना पुढे आली. आजही ते जनरल मोटर्स कंपनीच्या मालकीचे नसून, देणग्या व तिकीटविक्रीवर चालणारी स्वतंत्र, विनानफा तत्त्वावरील संस्था आहे.

जगात मोटारींची संग्रहालये पुष्कळ आहेत. आरशासारख्या लखलखणाऱ्या मोटारी दोरखंडामागे ओळीने उभ्या करणे, ही त्यांची सर्वसाधारण रीत. बोलिंग ग्रीनलाही अशा मोटारी आहेतच. तथापि, या संग्रहालयाने त्यांच्या जोडीने चेपलेल्या, फुटलेल्या, मातीने माखलेल्या पाच मोटारीही हेतुपुरस्सर जतन केल्या. असे का घडले हे समजून घ्यायचे, तर आधी या मोटारीचा इतिहास आणि मग १२ फेब्रुवारी २०१४ ची पहाट, या दोन्ही गोष्टी ठाऊक असणे आवश्यक ठरते.

तीनशे पांढऱ्या मोटारी

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना तेथील लहान, चपळ, दोन आसनी मोटारींची गोडी लागली होती. अमेरिकी कारखान्यांत मात्र तेव्हा ऐसपैस, जड कौटुंबिक मोटारीच तयार होत. जनरल मोटर्सच्या रचना विभागाचे प्रमुख हार्ले अर्ल यांनी ही उणीव हेरली आणि त्यांच्या पुढाकाराने घडवलेली नमुना मोटार १७ जानेवारी १९५३ रोजी न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात भरलेल्या ‘मोटोरामा’ प्रदर्शनात लोकांपुढे आली. छोट्या, वेगवान युद्धनौकेला इंग्रजीत ‘कॉर्व्हेट’ म्हणतात. तेच नाव या मोटारीला देण्यात आले.

प्रदर्शनातील प्रतिसाद पाहून कंपनीने त्याच वर्षी, ३० जून रोजी, मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे उत्पादनास प्रारंभ केला. पहिल्या वर्षी केवळ ३०० मोटारी तयार झाल्या. सगळ्या बाहेरून पांढऱ्या आणि आतून लाल. पत्र्याऐवजी फायबरग्लासची काया हे त्यांचे वैशिष्ट्य होते. रूप असे देखणे असले तरी आतील यंत्रणा सामान्यच होती. सहा सिलिंडरचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि केवळ दोन गिअरची स्वयंचलित यंत्रणा असलेल्या या मोटारीला खरी स्पोर्ट्स मोटार म्हणावे काय, असा प्रश्न जाणकार विचारू लागले. ३,४९८ डॉलर ही मूळ किंमतही त्या काळात थोडी नव्हती. परिणामी १९५४ मध्ये तयार झालेल्या ३,६४० मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश मोटारी वर्षअखेरीस विक्रीविना पडून राहिल्या आणि १९५५ मध्ये उत्पादन अवघ्या ७०० वर आले. कॉर्व्हेट बंद करावी, असा विचार कंपनीत बळावला होता.

तिला वाचवले ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे फोर्ड कंपनीची ‘थंडरबर्ड’. पहिल्याच वर्षी ही मोटार १६ हजारांहून अधिक खपली. प्रतिस्पर्ध्याला मैदान मोकळे सोडणे जनरल मोटर्सला परवडणारे नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे १९५५ मध्ये बसवलेले नवे, आठ सिलिंडरचे ‘व्ही-८’ इंजिन. त्यामागोमाग एका अभियंत्याचा ध्यास या मोटारीच्या वाट्याला आला.

झोरा आर्कस-डंटोव्ह

संग्रहालयात ज्यांचे नाव जागोजागी भेटते, ते झोरा आर्कस-डंटोव्ह जन्माने अमेरिकी नव्हते. रशियन ज्यू कुटुंबातील डंटोव्ह यांचा जन्म १९०९ मध्ये ब्रसेल्स येथे झाला. युद्धकाळात युरोप सोडून ते अमेरिकेत आले. १९५३ च्या मोटोरामात त्यांनी कॉर्व्हेट पाहिली, तिच्या रूपावर ते लुब्ध झाले आणि त्याच वर्षी जनरल मोटर्समध्ये रुजू झाले. मोटारींचे वेड असलेल्या तरुण पिढीला शेव्हरोलेकडे वळवायचे तर काय करावे लागेल, याविषयीचे टिपण त्यांनी डिसेंबर १९५३ मध्येच वरिष्ठांना सादर केले.

पुढील दोन दशके कॉर्व्हेटला वेगवान, भरवशाची आणि शर्यतीत टिकणारी मोटार बनवण्याचे काम त्यांनी केले. १९५७ मध्ये इंधन थेट फवारणारी ‘फ्युएल इंजेक्शन’ यंत्रणा आणि चार गिअर मिळाल्यावर कॉर्व्हेटचे रूपच पालटले. त्या वर्षीच्या २८३ घनइंचांच्या इंजिनाने २८३ अश्वशक्ती दिली. घनइंचाला एक अश्वशक्ती हे प्रमाण अमेरिकी मोटारप्रेमींना अजून मुखोद्गत आहे.

१९६३ मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची ‘स्टिंग रे’ ही अनेकांच्या मते सर्वांत देखणी कॉर्व्हेट. तिच्या मागील काचेच्या मधोमध एक उभी पट्टी होती. रचना विभागाचे तत्कालीन प्रमुख बिल मिचेल यांना ती पट्टी प्रिय, तर चालकाला मागचे दिसत नाही म्हणून डंटोव्ह यांना ती नापसंत. पुढच्याच वर्षी पट्टी गेली. त्यामुळे दुभंगलेल्या काचेची कूप मोटार केवळ १९६३ या एका वर्षाची ठरली आणि ज्या गोष्टीला अभियंत्याने दोष मानले, तिच्यामुळेच ती आज संग्राहकांना हवीहवीशी वाटते.

इंजिन चालकाच्या पुढे न ठेवता पाठीमागे, मोटारीच्या मध्यभागी असावे, हा डंटोव्ह यांचा जुना आग्रह होता. त्यांनी तशा प्रायोगिक मोटारी तयारही केल्या. मात्र त्यांच्या हयातीत कंपनीने ती रचना विक्रीच्या मोटारीसाठी स्वीकारली नाही. आठव्या पिढीची, मध्यभागी इंजिन असलेली कॉर्व्हेट अखेर जुलै २०१९ मध्ये सादर झाली, तेव्हा डंटोव्ह यांच्या निधनाला तेवीस वर्षे लोटली होती. संग्रहालयाच्या पायाभरणीच्या वेळी त्यांनी स्वतः बुलडोझर चालवला होता. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेला व कार्याला साजेसे म्हणून त्यांची रक्षा याच संग्रहालयात ठेवण्यात आली आहे.

एका वर्षाची एकच मोटार

कॉर्व्हेटचे उत्पादन फ्लिंटहून मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथे आणि १९८१ मध्ये तेथून बोलिंग ग्रीनला आले. संग्रहालय येथे उभे राहिले ते याच कारणाने. कारखाना अगदी जवळ आहे.

नव्या कारखान्यात चौथ्या पिढीच्या मोटारीची तयारी सुरू असताना कामास विलंब झाला आणि १९८३ या वर्षाची मोटार विक्रीस काढायचीच नाही, असे ठरले. नवी मोटार थेट १९८४ ची म्हणून बाजारात आली. तोवर १९८३ ची म्हणून तयार झालेल्या चाळीसहून अधिक चाचणी मोटारी नियमाप्रमाणे नष्ट करण्यात आल्या. त्यांतली एकच पांढरी मोटार कारखान्याच्या आवारात राहून गेली आणि पुढे संग्रहालयात पोहोचली. विकलीच न गेलेल्या वर्षाची ही एकुलती एक निशाणी. बारकाईने पाहिले, तर तिच्यात आणि १९८४ च्या मोटारीत सामान्य माणसाला फारसा फरक जाणवणार नाही. तरीही येणारा प्रत्येक मोटारप्रेमी तिच्यापुढे थबकतो. वस्तूचे मोल तिच्या गुणांवर ठरते तसे ती कशी उरली यावरही ठरते, हे या मोटारीवरून पहिल्यांदा लक्षात येते.

पहाटेचे पाच वाजून अडतीस मिनिटे

पिवळ्या शंकूखालच्या गोल दालनाला ‘स्कायडोम’ म्हणतात. संग्रहालयातील निवडक मोटारी आणि कॉर्व्हेटच्या इतिहासातील मान्यवरांचे गौरवफलक यांसाठी हे दालन राखलेले. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी पहाटे ५ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास या दालनातील हालचाल टिपणारी धोक्याची घंटा वाजली. आत माणूस कोणीच नव्हता. हलत होती ती जमीन. दालनाच्या मधोमध फरशी खचली आणि सुमारे ४० फूट रुंद व ३० फूट खोल विवरात पाहता पाहता आठ कॉर्व्हेट कोसळल्या. सुरक्षा कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य पुढे जगभर लाखो लोकांनी पाहिले. घटना पहाटेची असल्याने कोणालाही इजा झाली नाही. दालनातच उभी असलेली १९८३ ची एकमेव मोटार विवराबाहेर सुखरूप राहिली.

कोसळलेल्या आठ मोटारी अशा : १९६२ ची काळी कॉर्व्हेट, १९८४ ची ‘पीपीजी’ शर्यत-अग्रणी मोटार, १९९२ ची दहा लाखावी कॉर्व्हेट, १९९३ ची चाळिसाव्या वर्धापनाची माणिकरंगी मोटार, १९९३ ची ‘झेडआर-वन स्पायडर’, २००१ ची ‘मॅलेट हॅमर’, २००९ ची पंधरा लाखावी कॉर्व्हेट आणि २००९ ची ‘ब्लू डेव्हिल’ या टोपणनावाची झेडआर-वन. यांपैकी स्पायडर व ब्लू डेव्हिल या जनरल मोटर्सने प्रदर्शनासाठी दिलेल्या होत्या. उर्वरित सहा संग्रहालयाच्या स्वतःच्या.

पाण्याने पोखरलेली भूमी

जमीन अशी अचानक का खचली? उत्तर केंटकीच्या भूगर्भात आहे. राज्याचा हा भाग चुनखडीच्या थरांवर वसलेला आहे. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि भेगांतून झिरपताना चुनखडी हळूहळू विरघळवत जाते. हजारो वर्षांत भेगांच्या वाटा होतात, वाटांच्या गुहा होतात. गुहेचे छत पातळ होत जाऊन एके दिवशी वरचा भार पेलेनासे होते आणि जमीन खाली बसते. अशा विवराला ‘सिंकहोल’, तर अशा भूप्रदेशाला ‘कार्स्ट’ असे म्हणतात. जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहाप्रणाली, मॅमथ केव्ह, बोलिंग ग्रीनपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तिच्या आजवर मोजल्या गेलेल्या वाटांची लांबी ६८० किलोमीटरहून अधिक भरते. खुद्द शहरातही ‘लॉस्ट रिव्हर’ ही भूमिगत नदीची गुहा पाहावयास मिळते.

शहरातील वेस्टर्न केंटकी विद्यापीठ गुहा व कार्स्टच्या अभ्यासासाठी ख्यातनाम असल्याने तज्ज्ञ लगेच उपलब्ध झाले. विद्यापीठाने विवरात छोटे ड्रोन उडवून आतील स्थितीचे चित्रण केले. दालनाच्या खाली एक गुहाच असून तिचे छत कोसळल्याने हे विवर पडले, असे निष्पन्न झाले. भिंती व उरलेली फरशी भक्कम केल्यानंतरच मोटारी काढण्यास आरंभ झाला. ३ मार्च रोजी क्रेनच्या साहाय्याने ‘ब्लू डेव्हिल’ प्रथम वर आली. तडे गेलेली ही मोटार सुरू झाली आणि स्वतःच्या चाकांवर दालनाबाहेर गेली, तेव्हा उपस्थितांनी टाळ्यांचा गजर केला. सर्वांत तळाशी, मातीदगडांखाली गाडली गेलेली ‘मॅलेट हॅमर’ ९ एप्रिल रोजी हाती लागली. तोपर्यंत ती ओळखण्यापलीकडे चिरडली होती.

दुरुस्ती की जतन?

आता खरा प्रश्न उभा राहिला. आठही मोटारी पूर्ववत करून देण्याची तयारी जनरल मोटर्सने आरंभी दर्शवली होती. परंतु बाहेर निघालेल्या मोटारींची दशा पाहता काहींमध्ये दुरुस्त करण्याजोगे जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. सगळे भाग नव्याने घडवून जोडले, तर तयार होणारी मोटार ही ती मूळ मोटार म्हणता येईल काय? दहापैकी नऊ भाग नवे असलेल्या मोटारीला ‘पंधरा लाखावी’ म्हणणे हा इतिहासाशी प्रामाणिकपणा ठरेल काय? मूर्ती, चित्रे वा जुने वाडे यांच्या जतनात जो वाद नेहमी उपस्थित होतो, तोच येथे मोटारींच्या बाबतीत निर्माण झाला.

ऑगस्ट २०१४ मध्ये निर्णय झाला. तीन मोटारी दुरुस्त करावयाच्या आणि पाच अपघातानंतर जशा मिळाल्या तशाच ठेवावयाच्या. ब्लू डेव्हिलची हानी तुलनेने अल्प असल्याने ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पूर्ववत झाली. दहा लाखाव्या कॉर्व्हेटचे काम जनरल मोटर्सच्या मिशिगनमधील तंत्रज्ञांनी केले. १९६२ ची काळी मोटार संग्रहालयाच्या स्वतःच्या कार्यशाळेत दुरुस्त झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा दालनात आली. एका मालकाने तरुणपणापासूनच जिची आस धरली आणि मिळाल्यावर दशकानुदशके सांभाळून जी संग्रहालयाला दान केली, ती ही मोटार. तिच्या निवडीमागे त्या दानाची जाण होती हे उघड आहे.

दहा लाखाव्या मोटारीच्या दुरुस्तीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी घडली. २ जुलै १९९२ रोजी कारखान्यातून बाहेर पडलेली ही मोटार पहिल्या तीनशेंप्रमाणे मुद्दाम पांढरी व आतून लाल केलेली होती. ती सुटी करताना तिच्या आतल्या भागांवर, एरवी कधीही दिसणार नाहीत अशा ठिकाणी, बोलिंग ग्रीनच्या कामगारांच्या सह्या आढळल्या. साहजिकच, भाग बदलण्याऐवजी जास्तीत जास्त जुनेच भाग सरळ करून वापरण्यावर तंत्रज्ञांनी भर दिला. जे बदलणे अटळ होते, त्यांवरील सह्यांची प्रतिकृती नव्या भागांवर उतरवण्यात आली. एका यंत्राची दुरुस्ती करताना ते घडवणाऱ्या हातांची खूणही राखण्यात आली.

विवराचे काय करावे, यावरही बराच खल झाला. अपघाताची वार्ता पसरल्यानंतर संग्रहालयात येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढली होती. साहजिकच विवराचा काही भाग उघडा ठेवावा, असा विचार पुढे आला. परंतु आधारभिंती, तुळया व आर्द्रता-नियंत्रण यांचा खर्च आणि सुरक्षितता यांचा विचार करता ते संपूर्ण बुजवण्याचे ठरले. दुरुस्तीनंतर सप्टेंबर २०१५ मध्ये स्कायडोम पुन्हा खुला झाला. विवराची सीमारेषा मात्र नव्या फरशीवर आखण्यात आली. कोणती मोटार कुठे उभी होती हेही दर्शवण्यात आले आणि खालच्या गुहेत डोकावता यावे म्हणून फरशीत एक लहानसे झाकण ठेवण्यात आले. फेब्रुवारी २०१६ पासून या घटनेवर आणि कार्स्ट भूविज्ञानावर स्वतंत्र प्रदर्शन सुरू झाले. २०२४ मध्ये, घटनेस दहा वर्षे झाली तेव्हा, त्याची नव्याने मांडणी करण्यात आली.

निसर्गाने बोलिंग ग्रीनची परीक्षा पुन्हा एकदा पाहिली. ११ डिसेंबर २०२१ च्या पहाटे शहरावर आलेल्या भीषण चक्रीवादळात मनुष्यहानी झाली. कॉर्व्हेटच्या कारखान्याचे छत आणि महामार्गापलीकडील, संग्रहालयाच्याच मोटरस्पोर्ट्स पार्कच्या इमारती यांची हानी झाली. संग्रहालयाची मुख्य वास्तू मात्र मोठ्या हानीपासून बचावली.

भेट देणाऱ्यांसाठी

संग्रहालय नॅशव्हिलच्या उत्तरेस सुमारे १०५ किलोमीटर आणि लुईव्हिलच्या दक्षिणेस सुमारे १८५ किलोमीटरवर आहे. जवळचा मोठा विमानतळ नॅशव्हिलचा. तेथून मोटारीने जाणे सोयीचे. एक बारकावा ध्यानात ठेवावा. लुईव्हिल आणि बोलिंग ग्रीन एकाच राज्यात असूनही त्यांच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे. लुईव्हिल पूर्व विभागाची वेळ पाळते, तर बोलिंग ग्रीन मध्य विभागाची. लुईव्हिलहून येणाऱ्यास त्यामुळे एक तास हाती जास्त मिळतो, परततेवेळी तो जातो.

मोटारींची केवळ वरवर आवड असलेल्याला दोन तास पुरतात. अभ्यासूला अर्धा दिवसही अपुरा वाटेल. पिढ्यांच्या क्रमाने, म्हणजे १९५३ पासून पुढे पाहत गेल्यास रचनेतील बदल सहज उमगतात. पहिल्या पिढीचे गोलसर रूप, स्टिंग रेच्या धारदार कडा, १९६८ ते १९८२ या तिसऱ्या पिढीचे फुगीर खांदे आणि चौथ्या पिढीपासूनची सपाट, काटेकोर आखणी, असा हा प्रवास आहे. नवी कॉर्व्हेट घेणाऱ्यास हवे असल्यास ती विक्रेत्याऐवजी याच संग्रहालयात ताब्यात घेण्याची सोय असते. नव्या मालकाचा तो छोटेखानी सोहळा पाहायला मिळाला तर अवश्य पाहावा. कारखाना पाहण्याची संधी नेहमीच असते असे नाही, म्हणून आधी चौकशी करून निघावे. काही प्रमुख सणांना संग्रहालय बंद असते, हेही लक्षात ठेवावे. हाती आणखी एक दिवस असल्यास मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यान चुकवू नये. स्कायडोमच्या फरशीवरील रेषा ज्या शक्तीने काढायला लावली, तिचे विराट रूप तेथे दिसते.

स्कायडोममध्ये दुरुस्त झालेली दहा लाखावी मोटार आणि चिरडलेली पंधरा लाखावी मोटार, दोन्ही मनात ठेवून तुलना करावी. कारखान्यातून दोन्ही पांढऱ्या रंगातच निघाल्या आणि दोन्ही एकाच पहाटे एकाच विवरात पडल्या. पहिली मोटार कारागिरांचे कौशल्य सांगते. दुसरी त्या पहाटे काय घडले ते सांगते. यांतील एकच ठेवली असती तर इतिहास अर्धा राहिला असता. बोलिंग ग्रीनच्या संग्रहालयाने दोन्ही ठेवल्या, आणि दूरवरून तेथे जाण्याचे सार्थक होते ते यासाठीच.